तळाचा गोळा

आमच्या इमारतीच्या सभेत सहसा कुणी काही मनावर घेत नाही. लोक येतात, पाण्याच्या टाकीवरून कुरकुरतात, एकमेकांच्या गाड्यांकडे बोट दाखवतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. त्या दिवशी मात्र इंजिनिअर आले होते. गच्चीतून वरच्या मजल्याच्या छतात पाणी झिरपत होतं, म्हणून सगळी गच्ची उकरून नवा थर द्यायचा होता. इंजिनिअरांनी गच्चीवरच्या बागेकडे पाहिलं. बाग म्हणजे हौदासारख्या जाडजूड सिमेंटच्या कुंड्या, टवका उडालेला एक बाथटब आणि रंगाचे रिकामे डबे. पण त्यात वर्षभर काही ना काही फुललेलं असायचं आणि संध्याकाळी अर्धी इमारत तिथे गप्पा मारत बसायची.

"हे वजन खाली गेलं की पुन्हा वर चढवायचं नाही," इंजिनिअर म्हणाले. "बाग विसरा."

मग मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "हलक्या कुंड्या केल्या तर?"

"किती हलक्या?"

"दगडासारख्या दिसणाऱ्या, पण उचलल्या की दगड नसणाऱ्या. मातीही हलकी भरायची."

"आणि त्या करणार कोण?" आमच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"मी."

मी आणि बाबांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. आवाज माझ्या आत्याचा होता, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीचा. आणि आत्याने आयुष्यात एकही कुंडी केलेली नव्हती. सेक्रेटरींनी तिचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि जाहीर केलं की गच्चीचं काम संपेपर्यंत कुंड्या तयार झाल्या आणि इंजिनिअरांनी त्या मान्य केल्या तर बाग राहील, नाहीतर गच्चीला कुलूप लागेल. सभा संपली. आत्या पदर खोचून अशी निघाली, जणू कुंड्या खाली भट्टीतच आहेत, फक्त बाहेर काढायच्या राहिल्यात.

भट्टीशी तिचा संबंध होता हे खरं. तरुणपणापासून तिने एकाच बेकरीत पाव मळले. त्या बेकरीत मालक बदलले, भट्टी बदलली, मळण्याच्या टेबलावरची आत्या काही बदलली नाही. तिचे हात कोपरापर्यंत सशक्त, दोरखंडासारखे, आणि तोंड त्याहून सशक्त. पीठ हातात घेतलं की ती सांगायची, आज हवा दमट आहे की नाही. मग मालकाच्या मुलांनी बेकरी विकली, तिथे मोबाईलचं दुकान आलं, आणि आत्या आमच्याकडे राहायला आली. पहाटे सवयीने उठायची आणि करायला काही नाही म्हणून स्वयंपाकघरातले डबे पुसायची.

आई तिला म्हणायची, "वन्सं, खूप केलंत आयुष्यभर. आता आराम करा."

"वहिनी, आराम करून करून माझी पाठ धरलीय," आत्या म्हणायची आणि पुसलेले डबे पुन्हा पुसायची.

हलक्या कुंड्यांचं तिला कळलं ते माझ्या फोनवरून. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई सिमेंट, नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे नर्सरीवाले ज्याला कोकोपीट म्हणतात ते, आणि परलाईट नावाचे पांढरे, फुगलेले, फुंकरीने उडणारे दाणे एकत्र कालवत होती. ते सगळं ती पुठ्ठ्याच्या खोक्यात थापत होती, आणि खोका फाडला की आतून शंभर वर्षं पावसात पडून असावी तशी दगडी कुंडी निघत होती. ह्या प्रकाराला हायपरटुफा म्हणतात. आमच्या घरात ते नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही, त्यामुळे आम्ही नुसतं 'आत्याचा दगड' म्हणायला लागलो.

"आवाज बंद कर," आत्या मला म्हणाली होती. "ती काय बोलते ते मला कळत नाही आणि बोलण्याच्या नादात हात दिसत नाहीत."

मग तिने तो व्हिडिओ आवाजाशिवाय इतक्या वेळा पाहिला की त्या बाईच्या बोटातली अंगठी कधी फिरते तेही तिला पाठ झालं. हात कळले. पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नव्हती. बाई खोका बाजूला ठेवायची, कापडाने हात पुसायची, आणि पुढच्या क्षणाला कुंडी तयार असायची. मधला वेळ कुणीतरी कापून टाकला होता. आत्याची खरी शिकवणी त्या कापलेल्या वेळातच व्हायची होती.

जिन्याखाली कपडे धुवायची एक जुनी जागा होती, नळ आणि मोरी असलेली. आईने ती मोठ्या नाखुशीने तिला दिली. मी विजेच्या सामानाच्या दुकानात काम करतो, तेव्हा मिक्सरचे, इस्त्रीचे, पंख्याचे रिकामे खोके ही माझ्याकडची भेट. सिमेंटची गोणी आली. तोंडाला फडकं बांधून आत्याने घमेल्यात कोरडा माल एकत्र केला, बेताने पाणी घातलं आणि मूठभर गोळा हातात घेऊन दाबला. बोटांतून दोन-चार थेंब गळले. तिचा चेहरा खुलला. "हे तर आपलंच काम आहे," ती म्हणाली.

हातमोजे मात्र तिने घातले नाहीत. मी आणून दिले होते, निळे, रबरी. "मोज्यातून पिठाला काय वाटतं ते कळत नाही," म्हणाली. सिमेंटला काय वाटत होतं ते संध्याकाळी कळलं. तिची बोटं भाजल्यासारखी लाल झाली, पेरांवर भेगा पडल्या. आईने न बोलता मलम आणून ठेवलं. आत्याने न बोलता लावलं. दुसऱ्या दिवसापासून निळे मोजे हातात होते आणि त्यावर चर्चा होणार नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं.

पहिल्या कुंड्या तिने खोक्यातून काढल्या आणि जिथे दिवसभर ऊन तापतं त्या मागच्या पत्र्यावर नेऊन मांडल्या. बेकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ओली वस्तू दिसली की ती गरम जागी ठेवावीशी वाटते. कुंड्या छान पांढुरक्या झाल्या. चौथ्या दिवशी तिने एक उचलली तर तिचा काठ तिच्या हातात राहिला आणि बाकीची पत्र्यावर. दुसरी उचलली, तिचा टोस्टसारखा चुरा झाला.

गच्चीवर काम करणारा गवंडी तेव्हा जिन्यात विडी ओढत होता. उंच, वाळकुडा, सदैव कुणाचीतरी चेष्टा करायच्या बेतात असलेला माणूस. बेकरी होती तेव्हा तो तिथून रोज पाव घ्यायचा आणि रोज म्हणायचा की आज जरा करपलाय.

"ताई, जरा करपल्यात," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. पण सिमेंट उन्हात वाळवत नाहीत. ते वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. आम्ही भिंत बांधली की तिला पाणी मारतो ते काय तिला अंघोळ म्हणून?"

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विडी विझवली. पण दुसऱ्या दिवशीच्या कुंड्या सावलीत, ओल्या गोणपाटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या. आत्या दिवसातून तीनदा जाऊन त्यांच्यावर पाणी शिंपडायची. आई म्हणाली, "आमच्या लेकराला तापात इतकं पाहिलं नसेल मी." ते लेकरू म्हणजे मी.

गवंड्याची शंका वेगळीच होती. "ह्यात वाळू नाही, खडी नाही. काथ्या आणि भुसभुशीत दाणे. हे उभं कशाच्या जिवावर राहणार?" तो येता-जाता विचारायचा. आत्या हातातला माल थापत राहायची. तिने मोठ्ठं घमेलं भरून माल कालवला आणि सगळे खोके एका बैठकीत भरायला घेतले. खोके भरेपर्यंत उरलेला माल आवळून यायचा. मग ती त्यावर पाण्याचा हात फिरवायची आणि पुन्हा मळून मऊ लुसलुशीत करायची. तळाशी उरलेल्या गोळ्याकडे तर तिचं खास लक्ष होतं. बेकरीत तळाचा गोळा सगळ्यांत जास्त मुरलेला असतो, त्याचा पाव सर्वांत चांगला होतो, आणि तो मालकाच्या घरी जायचा. इथेही तिने शेवटच्या गोळ्याच्या दोन कुंड्या बनवल्या, त्यांच्यावर खडूने खूण केली आणि सांगून ठेवलं, "ह्या सभेला दाखवायच्या."

त्या दिसायलाही सुरेख झाल्या होत्या. गोणपाटातून काढून तिने तारेच्या ब्रशने त्यांचं अंग खरवडलं, काठ थोडे मोडल्यासारखे केले. नदीकाठी सापडलेल्या वाटाव्यात. आठवड्यांमागून आठवडे मुरल्यावर एका रविवारी आम्ही त्या गच्चीवर नेल्या. गच्ची उकरलेली होती, लोक कडेकडेने उभे होते.

आमचे सेक्रेटरी भरदार आहेत. लिफ्टमध्ये ते चढले की बाकीचे नम्रपणे जिन्याने जातात. त्यांनी कुंडी पाहिली, बोटाने खरवडली, मान डोलावली आणि म्हणाले, "दिसायला फर्स्ट क्लास. पण पोरं ह्यावर चढणार, माणसं टेकणार. टिकेल का?"

"बसून बघा," आत्या म्हणाली.

मी तिला कोपराने खुणावलं. तिने माझं कोपर बाजूला केलं.

कुंडी पालथी घातली. सेक्रेटरींनी पँट वर ओढली, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या अदबीने बसले. क्षणभर सगळं ठीक होतं. मग पिशवीतली साखर सांडावी तसा आवाज आला आणि सेक्रेटरी संथपणे खाली गेले. कुंडी फुटली असं म्हणता येणार नाही, ती त्यांच्याखाली बसली.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. गवंडी एकटाच हसला नाही. त्याने पुढे होऊन सेक्रेटरींना हात दिला. पँट झटकत ते म्हणाले, "बाग मलाही हवीय हो. पण ह्याच्या भरवशावर इंजिनिअर सही करणार नाहीत." ते खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच जास्त लागलं.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला. "वन्सं, झालं ते झालं. तुम्हाला काय गरज होती ही? आराम—"

"वहिनी, अख्ख्या इमारतीसमोर बोललेय मी," आत्या म्हणाली. "कुंड्या झाल्या नाहीत तर ह्या जिन्यावरून खाली-वर कसं करायचं मी? आणि उद्यापासून काय, पुन्हा डबे पुसू?"

आईने चहा गाळायला घेतला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

चहा तसाच ठेवून आत्या जिन्याखाली गेली. मी मागून गेलो तर ती उरलेल्या कुंड्या एकेक करून पालथ्या घालत होती. तिने एका कुंडीच्या तळावर बोटाच्या पेराने टकटक केलं. भट्टीतून काढलेल्या पावाच्या बुडावर बेकरीत असंच वाजवतात, आतून पोकळ आवाज आला की पाव झाला. कुंडी टण्ण वाजली. दुसरी, तिसरी, तशीच. मग गच्चीवरून परत आणलेली, खडूच्या खुणेची दुसरी कुंडी. तिने वाजवलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. तिने पुन्हा वाजवलं. मग कुंड्या ज्या क्रमाने भरल्या होत्या त्या क्रमाने लावून सगळ्या वाजवल्या. आवाज पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू बसत गेला होता.

"सगळ्यांत चांगली म्हणून मी सगळ्यांत वाईट वर नेली," ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्या पिठाचं तिला काहीतरी नवीन कळलं असावं, तशी.

गवंडी तेवढ्यात जिन्यावरून उतरला. ह्या वेळी आत्याने त्याला स्वतःहून थांबवलं, आणि हे तिच्या हिशेबात फार मोठं होतं. "माल आवळून आला की मी वरून पाणी घालून मळते. चुकतंय का?"

"धरायला लागलेल्या मालात पाणी?" त्याने कपाळाला हात लावला. "ताई, आमच्याकडे कुणी असं करताना दिसला तर त्याच दिवशी घरी."

"मऊ होतं की."

"होतं ना मऊ. पण सिमेंटने एकदा धरायला घेतलं की त्याला मोडायचं नसतं. मोडलं की पुन्हा तेवढ्या जोराने ते धरत नाही. आवळलेला माल फेकायचा."

"फेकायचा?" आत्याने असं विचारलं, जणू त्याने पोर फेकायला सांगितलंय. तिच्या हातून आयुष्यात पिठाचा गोळा वाया गेला नव्हता. उरलं तर बन, बन नाही तर टोस्ट, टोस्ट नाही तर चुरा. पीठ तुम्ही कितीही वेळा मोडा, पाण्याचा हात लावा, ते समजून घेतं. हा नवा माल एकदाच संधी देतो, हे तिला पटायला थोडा वेळ लागला.

गवंड्याने मग पहिल्या खोक्यातली कुंडी उचलली. उचलताना त्याने नेहमीसारखा जोर लावला आणि ती एकदम छातीपर्यंत वर आली. तो जरा तोल सांभाळत उभा राहिला. मग त्यानेही पेराने वाजवून पाहिलं. "वाळू नाही," तो पुटपुटला, "खडी नाही." आणि कुंडी फार जपून खाली ठेवली.

त्यानंतर आत्याची पद्धतच बदलली. मोठं घमेलं उलटं करून ठेवलं गेलं. आता एका वेळी एका कुंडीपुरताच माल. थापून झाला की काम बंद, पाणी पिणे, पुन्हा कोरड्यापासून सुरुवात. हाताखाली माल जरा जड लागला की ती त्याच्याकडे एकदा बघायची आणि मोरीशेजारच्या डब्यात टाकायची. पहिल्या-पहिल्यांदा टाकताना तोंड फिरवायची. काही दिवसांनी तोंड फिरवायचं बंद झालं, पण डब्यात फारसं काही पडेनासंही झालं. अंदाज बसला होता. निळ्या मोज्यांतूनही आता तिला कळत होतं.

वेळ मात्र आमच्या हातात नव्हता. नव्या कुंड्यांना मुरायला आठवडे हवेत, आणि गच्चीचं काम तर संपत आलेलं. इथे आम्हाला ठेकेदाराने तारलं. आधी त्याचं सामान आलं नाही, मग माणसं आली नाहीत, मग दोन्ही आलं तर तो स्वतः कुठल्या लग्नाला गेला. एरवी त्याच्या नावाने बोटं मोडणारी इमारत हे सगळं पाहून चिडत होती. आमच्या घरात त्याला दुवा मिळत होती. शेवटी नवा थर झाला, गच्चीवर पाणी साठवून ते खाली झिरपत नाही ना ते पाहिलं, आणि इंजिनिअरांना बोलावणं गेलं.

त्या सकाळी आत्याने निवड केली नाही. सगळ्याच्या सगळ्या कुंड्या वर नेल्या. आम्ही दोन-दोन घेऊन जिना चढत होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, अशा एका हातात?" आत्या पुढे चालत राहिली, पण तिची पाठ ताठ झालेली मी मागून पाहिली.

इंजिनिअरांनी वजनकाटा आणला होता. कुंडी रिकामी तोलली, हलक्या मातीने भरून तोलली, वर पाणी ओतून तोलली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तोलली. "वजनाचा प्रश्न नाही," ते म्हणाले.

सगळ्यांची नजर सेक्रेटरींकडे गेली. ते कठड्याशी उभे राहून लांबचं काहीतरी बघत होते.

"या ना," आत्या म्हणाली.

"माझं काही म्हणणं नाही हो. इंजिनिअरसाहेब मान्य करतायत तर—"

"पण मला तुमचं म्हणणं हवंय. आणि मी दाखवणार नाही कुठली ते. तुम्ही निवडा."

सेक्रेटरी नाइलाजाने कुंड्यांमधून फिरले. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. अखेर कोपऱ्यातली एक जरा वेडीवाकडी, कमी देखणी निवडली. चाणाक्ष माणूस. ती पालथी घातली. शेजाऱ्याने न विचारता खांदा पुढे केला. सेक्रेटरी आधी अर्धे बसले, मग थांबून कानोसा घेतला, मग पाऊण, आणि मग डोळे मिटून पूर्ण. काही झालं नाही. त्यांनी डोळे उघडले. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे डुलून पाहिलं. गवंडी हाताची घडी घालून उभा होता. तो जवळच्या माणसाला म्हणाला, "वाळू नाही बरं का त्यात," अगदी स्वतःच शोध लावल्यासारखा.

सेक्रेटरी उठलेच नाहीत. "आता आहोतच सगळे तर सभा उरकून घेऊ," म्हणाले आणि बाग राहणार इथपासून पाण्याच्या टाकीपर्यंतची सगळी सभा त्यांनी त्या कुंडीवर बसून चालवली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मधेच विचारलं, आजच रोपं लावू का. आत्या म्हणाली, "मुळीच नाही. आधी आठवडाभर पाण्याने भरायच्या, ओतायच्या, पुन्हा भरायच्या. आतली सिमेंटची आग गेल्याशिवाय मुळं जगत नाहीत. मी सांगेन तेव्हा लावायची." बाई बरं म्हणाल्या. ह्या बाई इतर कुणाला बरं म्हणाल्याचं इमारतीत कुणी ऐकलेलं नाही. मग कुणी विचारलं कुंड्यांना जागा कुठली, कुणी विचारलं गोल करता येतील का, आणि प्रत्येक जण प्रश्न सेक्रेटरींना न विचारता तिलाच विचारत होता. आत्या कमरेवर हात ठेवून उत्तरं देत होती. आई माझ्याशेजारी उभी होती. एका नवीन राहायला आलेल्या बाईंनी तिला हळूच विचारलं, "ह्या कोण?" आई म्हणाली, "आमच्या वन्सं," आणि मग, तेवढ्याने भागत नाही असं वाटून, "माझ्या सख्ख्या नणंद."

लोक पांगल्यावर बाबा मागे राहिले. एवढ्या दिवसांत ते ह्या प्रकरणावर एक अक्षर बोलले नव्हते. ते एका कुंडीपाशी उकिडवे बसले, बोटाच्या पेराने तिच्या तळावर वाजवलं, कान लावून ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"काय कळलं, दादा?" आत्याने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पण ऐकायला बरं वाटतं."

आणि त्यांनी दुसरी वाजवायला घेतली.